रिकामा पूल अडीचशेला, तुंबलेला पूल फुकट: हे कसलं गणित?

ऐरोलीचा हिशेबनीस
१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन आणि दहिसर अशा मुंबईच्या पाचही नाक्यांवर कारचा टोल माफ झाला. तेव्हा तो ४५ रुपये होता. विधानसभा तोंडावर होती, त्यामुळे विरोध करतो कोण!

आता दुसरीकडे बघा. २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. कारला एका वेळचे २५० रुपये. सकाळी ऑफिसच्या वेळेलाही तिथे गाडी सुसाट जाते, आणि त्याच वेळी वाशी खाडीपुलावर माणसं क्लच दाबून दाबून पोटरीला गोळे आणतात. उलवे, खारघर, पनवेलच्या माणसापुढे दोन्ही रस्ते असतात. तो फुकटचा धरतो आणि तास घालवतो.

माझं म्हणणं एवढंच की दर उलटे लावलेत. गर्दीच्या वेळी वाशीला आणि मुलुंडच्या आनंदनगर नाक्याला आकार, म्हणजे शुल्क, घ्या, दुपारी नि रात्री शून्य. अटल सेतूचा दर उतरवा. फास्टॅग आहेच, म्हणजे बूथ नको, रांग नको. येतील ते पैसे एनएमएमटी-टीएमटीला, म्हणजे नवी मुंबई आणि ठाण्याच्या बसला द्या. गर्दीत घुसणाऱ्या प्रत्येक गाडीला स्वतःचा वाया जाणारा वेळ दिसतो, मागच्या सगळ्यांचा ती जो खाते तो दिसत नाही. त्याचे पैसे कोणी मागतच नाही.

कासारवडवली फेज २
सपशेल असहमत. गाडी घेताना एकरकमी रोड टॅक्स भरला. पेट्रोलवर केंद्र घेतं, राज्य घेतं. सोसायटीचा मालमत्ता कर वेगळा. आता तुंबलेल्या रस्त्यावर उभं राहायचेही पैसे?

आम्ही घोडबंदरला हौसेने नाही आलो. मुलुंडला परवडलं नाही म्हणून आलो. आलो तेव्हा बिल्डरच्या पत्रकात मेट्रो होती, वर्षानुवर्षे पत्रकातच राहिली. मेट्रो ४ च्या बॅरिकेडने लेन खाल्ली, गायमुख घाटाचं काम निघालं की सगळा रस्ता ठप्प. आणि ऑफिसचं पंचिंग साडेनऊचं. अकराला या, आकार वाचवा, असं माझा साहेब म्हणणार आहे का? अटल सेतू ठाणेकराच्या काय कामाचा, तेही सांगा.

वागळे ट्रान्सपोर्ट
कारवाल्यांचं भांडण वाचून गंमत वाटली. माफी तुम्हाला मिळाली, आमच्या ट्रकला नाही. वसुली २०२६ ला संपायची होती, पण तुमच्या माफीची भरपाई म्हणून ठेकेदाराची मुदत २०२९ पर्यंत वाढवली. म्हणजे तुमचे ४५ रुपये आम्ही भरतोय, आणि पुढे भाड्यात लावून तुमच्याच किराण्यात वसूल करतोय.

कोंडीचा हिशेब आमच्याकडे विचारा. न्हावाशेव्याहून निघालेला गुजरातचा कंटेनर कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास करत येतो आणि ठाण्यात जड गाड्यांना दिवसा बंदी असते, तीत अडकतो. बंदी उठली की सगळ्या गाड्या एकदम सुटतात, माजिवड्याला परत तीच रांग. ड्रायव्हरचा भत्ता चालू, एसी चालू असेल तर डिझेल चालू. रिकामा कंटेनर वेळेत परत गेला नाही की शिपिंग लाइन दिवसाच्या हिशेबाने डिटेन्शन, म्हणजे उशिराचा आकार, लावते. पार्टीला सांगितलं तर म्हणते, ट्रॅफिक तुमचा प्रश्न. जी गाडी आधी दिवसात दुसरी फेरी मारायची ती आता एकीतच दमते. कोंडी सुटत असेल तर मी आकार द्यायला तयार आहे. पण सुटली पाहिजे.

सानपाडा सेक्टर ५
ट्रान्सपोर्टवाले भाऊ, रडगाणं कळलं, पण रस्ता उखडतं कोण? अमेरिकेत १९५८ ते १९६० मध्ये रस्त्यावर सतत ट्रक पळवून चाचणी घेतली होती. ॲक्सलवरचं वजन दुप्पट केलं की झीज साधारण सोळापट निघाली. कार त्या मानाने रस्त्याला काहीच करत नाही. डांबराचे पैसे ट्रकनेच दिले पाहिजेत, आणि ओव्हरलोड असेल तर जास्त.

वागळे ट्रान्सपोर्ट
डांबराचे देतोच आहे. पण जागा कोण अडवतं? एका गाडीत एक माणूस, अशा गाड्यांची तीनहात नाक्याला रांग बघा कधी.

पाचपाखाडीची लेक
दोघांचंही बरोबर आहे, कारण हिशेब दोन आहेत. झिजेचा वेगळा, गर्दीचा वेगळा. आपल्याकडे दोन्ही एकाच टोलमध्ये कोंबतात.

गर्दीचे पैसे घेणं नवीन नाही. सिंगापूरने १९७५ ला सुरू केलं, लंडनने २००३ ला पाच पौंडांनी, न्यूयॉर्कने जानेवारी २०२५ ला नऊ डॉलरनी. स्टॉकहोमला आधी लोक विरोधात होते. २००६ ला काही महिने करून दाखवलं, वाहनं साधारण पाचव्या हिश्श्याने घटली, मग त्याच लोकांनी बाजूने कौल दिला.

कासारवडवली फेज २
स्टॉकहोमचं अर्धंच सांगितलंत. तिथे आकार लावायच्या काही महिने आधी जादा बस रस्त्यावर आणल्या होत्या. भुयारी रेल्वे तर कित्येक वर्षांची. इथे सकाळी ओवळ्याच्या स्टॉपवर उभे राहून दाखवा. टीएमटी आली तर दारात पाय ठेवायला जागा नसते, शेअर रिक्षाला चौथा बसवतात. पर्याय नसताना लावलेला आकार म्हणजे खंडणी. ज्याला परवडतं तो भरून सुसाट जाईल, बाकीचे लोंबकळतील.

ऐरोलीचा हिशेबनीस
आता लोंबकळतोय तो बसमधलाच. कारवाला एसी लावून अडकतो, बसमधला उभ्याने, तिकीट काढून. आणि मुदतवाढीने भागणार नाही ती माफीची भरपाई सरकारी खात्यातूनच जाणार ना? त्या खात्यात गडचिरोलीच्या माणसाचाही कर आहे, ज्याने आनंदनगर नाका पाहिलेलाही नाही. याला तुम्ही न्याय म्हणणार?

बस आधी हे मान्य. बस येईपर्यंत आनंदनगरला लावू नका, पर्याय नाही तिथे नको. पण वाशीला लावायला काय हरकत आहे? तिथे हार्बरची लोकल आहे, बाजूला अर्धा रिकामा सेतू आहे.

सानपाडा सेक्टर ५
हार्बर लोकल रिकामी असते असं कोणी सांगितलं? आठ-अठ्ठावीसला सानपाड्याहून चढून दाखवा.

कासारवडवली फेज २
वाशीला लावा, आमची ना नाही. फक्त पैसे एनएमएमटीला जातात की उड्डाणपुलाच्या पुढच्या निविदेला, ते आधी लेखी द्या. मुंबईतल्या ५५ उड्डाणपुलांच्या खर्चाच्या नावाने या नाक्यांवर वर्षानुवर्षे वसुली झाली, किती वसूल झाले आणि किती उरले, हे नाक्यावरच्या पाटीवर वाचून कोणाला कळलं असेल तर इथे टाका.