बुजऱ्या कुत्र्याला धीर देताना : आपले अनुभव लिहा

माणूस जवळ आला की अंग चोरणारी, कुकरच्या शिट्टीने पलंगाखाली जाऊन बसणारी कुत्री पुष्कळ घरांत असतात आणि ‘हळूहळू सुधारेल’ याखेरीज त्यांच्या पालकांना फारसे काही सांगितले जात नाही. ज्यांनी प्रशिक्षणातून अशा कुत्र्याचा विश्वास मिळवला, त्यांनी येथे लिहावे. त्याला नेमकी कशाची भीती होती आणि आपण काय केले, हे तपशिलात आले तर इतरांना उपयोग होईल. दटावून किंवा मारून धीट केल्याच्या कथा कृपया नकोत.

पुण्याहून

आमची गावठी कुत्री घरी आली तेव्हा पूर्ण वाढलेली होती. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ज्या माणसांना आणि आवाजांना सरावते, ती त्याला पुढे सहसा परकी वाटत नाहीत. हिचा तो काळ कोठे गेला हे कळायला मार्ग नव्हता, मात्र हेल्मेट घातलेला माणूस दिसला की ती जमिनीला चिकटत असे. आम्ही अंतरापासून सुरुवात केली. ज्या अंतरावरून दुचाकीस्वार तिला दिसतो आणि तरीही ती हातातला उकडलेल्या चिकनचा तुकडा खाते, ते अंतर योग्य. तिने तुकडा नाकारला, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून मुकाट्याने मागे फिरायचे.

यात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी स्वार दिसू द्यायचा आणि मग लगेच तुकडा द्यायचा. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांवरील प्रयोगांतही खुणेचा आवाज आधी होई आणि अन्न नंतर येई. क्रम उलटला तर चिकन बाहेर निघताच आता काहीतरी भयंकर येणार अशी कुत्र्याची समजूत होते आणि ते खाऊलाही बिचकू लागते. कालांतराने स्वार दिसताच ती आपण होऊन माझ्याकडे वळून पाहू लागली, आणि त्यानंतरच आम्ही अंतर कमी केले. गणेशोत्सवाआधी नदीकाठी चालणाऱ्या ढोल-ताशा पथकांच्या सरावाचाही असाच उपयोग झाला, कारण तो आवाज एका जागी, ठरलेल्या वेळी असतो, मिरवणुकीसारखा अंगावर येत नाही आणि त्यापासून किती दूर उभे राहायचे हे आपल्या हातात राहते.

घरात ती सर्वांत आधी गेली ती माझ्या सासूबाईंजवळ, ज्यांना कुत्र्यांची मुळीच हौस नाही. त्या खाली बसून भाजी निवडत, तिच्याकडे पाहत नसत, हाक मारत नसत, आणि ती मागून येऊन त्यांचा पदर हुंगून जाई.

सोलापूरहून

आमच्याकडे कारवान आहे. या शिकारी जातीची कुत्री अनोळखी माणसाच्या अंगाला सहसा लागत नाहीत, आणि तो स्वभाव बदलण्याचा हट्ट आम्ही धरला नाही. पाहुण्यांसाठी नियम एवढाच, की खाऊ हातात धरून त्याला जवळ बोलवायचे नाही. खाण्याच्या ओढीने भित्रे कुत्रे स्वतःला सोसवेल त्याहून जवळ येते आणि तुकडा संपताच समोर परका हात पाहून दचकते. चावा बहुधा तेव्हाच बसतो. म्हणून खाऊ त्याच्या पलीकडे टाकायचा. ते दूर जाऊन खाते, आणि परत यायचे की नाही हे त्याचे ते ठरवते. आणखी एक : या कुत्र्यांचे डोके निमुळते असल्यामुळे घाबरल्यावर ती साध्या पट्ट्यातून सहज निसटतात, तेव्हा बाहेर नेताना अंगात नीट बसणारा हार्नेस हवाच.

नागपूरहून

फटाक्यांविषयी लिहिते. ध्वनिमुद्रित आवाज अगदी हळू लावून, त्याबरोबर आवडीचे खाणे देत सराव करायचा असेल तर तो पावसाळ्यातच सुरू करावा, कारण वसुबारसेला सुरुवात करून काहीही साधत नाही. मोबाईलमधून सुतळी बॉम्बचा हादरा येत नाही, ही या सरावाची मर्यादाही ध्यानात ठेवावी. जवळ घेतल्याने भीती वाढते, असे मला अनेकांनी बजावले होते. ते मला पटत नाही. भीती ही भावना आहे, शिकवलेली करामत नव्हे. आमचे कुत्रे कुशीत येऊ पाहते तेव्हा मी त्याला येऊ देते. औषधांना नाक मुरडणाऱ्यांना एवढेच सांगेन, की कुत्रे भीतीने खाणेच सोडते तेव्हा प्रशिक्षणाला जागाच उरत नाही, आणि पशुवैद्याने दिलेले योग्य औषध ती जागा निर्माण करते. मात्र केवळ गुंगी आणणारे औषध नको. ॲसेप्रोमाझिनने शरीर ढिले पडते, भीती तशीच राहते.

कार्डिफहून

आमचा कुत्रा रोमानियाच्या रस्त्यावरून ब्रिटनमध्ये आणलेल्या अनेकांपैकी एक आहे. येथे वेल्समध्ये विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे, त्यामुळे तो ‘झटपट उपाय’ सुचवणारे तरी कोणी भेटले नाही. त्याला हात लावून घेणे असह्य होते. आम्ही त्याला घडी केलेल्या टॉवेलवर हनुवटी टेकवायला शिकवले. हनुवटी टेकलेली असेपर्यंत मी पंजाला हात लावते. त्याने ती उचलली की माझा हात त्याच क्षणी दूर होतो, मग नख अर्धवट कापलेले असले तरी. थांबवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे हे उमगल्यावर तो आश्चर्य वाटावे इतका जास्त वेळ हनुवटी टेकवून ठेवू लागला.

पुढच्या पंजांची नखे आता घरी निघतात. मागच्या पायांसाठी अजून दवाखाना गाठावा लागतो आणि त्यासाठी तोंडाला जाळी घालण्याचा सराव चालू आहे. जाळीच्या आत दही लावले की तो आपणहून तोंड घालतो, परंतु मागचा बंद आवळताना ताठरतो. या टप्प्यावर कोणी काय केले, हे वाचायला आवडेल.