प्रीमियर पद्मिनीचा पत्रा सडलाय, बॉडीकाम घरीच करायचंय. सुरुवात कुठून करू?

तापीकाठ, रावेर

राम राम मंडळी. घरी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. इंजिन, गिअर, ब्रेक चालू आहेत, बॉडीची मात्र दशा झालीय. दोन्ही बाजूंच्या दाराखालच्या पेट्या खालून सडल्या आहेत. ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्याला स्क्रू-ड्रायव्हर टोचला की आरपार जातो. डिकीच्या तळाला रुपयाएवढी तीन-चार भोकं आहेत. डाव्या मडगार्डावर जुनी लांबी (पुट्टी) फुगलीय आणि चारही दारांच्या खालच्या कडांना पापुद्रे सुटलेत. रंग मूळचा पांढरा, तोच ठेवायचा आहे.

सामान म्हणाल तर ४ इंची ग्राइंडर, साधं आर्क वेल्डिंग मशीन आणि १ एचपीचा कॉम्प्रेसर. पत्र्याची शेड आहे, वीज सिंगल फेज. एप्रिल-मे मोकळे आहेत, तेवढ्यात सगळं उरकायचं म्हणतो. गंज घासायचा, रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज निष्क्रिय करणारं द्रावण) लावायचा, भोकांवर फायबर बसवायचं, वरून लांबी आणि मग एनसी (नायट्रोसेल्युलोज, थिनर उडून वाळणारा) रंग, असा बेत आहे. यात काय चुकतंय ते स्पष्ट सांगा.

पत्राकाम, धुळे

दादा, पहिली गोष्ट म्हणजे पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. फियाट ११०० ची मोनोकॉक बॉडी आहे ती. दाराखालच्या पेट्या आणि तळाचा पत्रा हाच गाडीचा कणा. तिथे फायबर आणि लांबी भरली तर गाडी दिसायला सरळ दिसेल, पण जॅक लावला की मधोमध वाकेल आणि दारं अडकायला लागतील. पेट्या आणि तळ फक्त पत्रा कापून, नवा पत्रा वेल्ड करूनच करायचे.

कापण्याआधी दारं चढवलेली असताना चारही बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवा. मग दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत आणि मधल्यापासून मागच्यापर्यंत २५ मिमीचा चौकोनी पाइप आडवा-तिरपा टॅक (छोट्या ठिपक्याचं वेल्ड) करा. गाडी सस्पेन्शनच्या जोडांखाली चार ठिकाणी पक्क्या घोड्यांवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. एका वेळी एकच बाजू कापायची. एक पेटी पूर्ण वेल्ड होऊन दार पुन्हा चढवून फट जुळली, की मगच दुसरी. दोन्ही एकदम कापल्या तर बॉडी मधोमध खचते, आणि ती मूळ मापावर आणायला मग फ्रेम-पुलर (बॉडी ओढून सरळ करायचं यंत्र) लागतो.

आर्क मशीन बाजूला ठेवा. इथला पत्रा १ मिमीच्या आसपास आहे, रॉड टेकताच भोक पडेल. सीओटू वेल्डिंगचं सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन भाड्याने घ्या, वायर ०.८ मिमी. गॅस आर्गॉन-सीओटू मिक्स मिळाला तर बरा, नुसत्या सीओटूने छर्रे जास्त उडतात. गॅसशिवाय चालणारी फ्लक्स वायर इतक्या पातळ पत्र्याला नको. मशीनला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट द्या आणि एक्स्टेन्शनची वायर किमान २.५ चौरस मिमीची घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी कूलर आणि मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, आर्क तुटायला लागतो आणि वेल्ड वरवर बसतो. म्हणून वेल्डिंग सकाळीच. शेडचं दार वाऱ्याच्या बाजूने बंद ठेवा. गरम वारा गॅस उडवून नेतो आणि वेल्डमध्ये टाचणीसारखी छिद्रं राहतात.

पत्रा सीआरसीच घ्या, म्हणजे थंड लाटलेला, जस्त न चढवलेला. पेट्यांना आणि तळाला १८ गेज, म्हणजे १.२ मिमी. दारं-मडगार्डाला २० गेज, म्हणजे ०.९ मिमी. १८ गेजची ८ बाय ४ फुटी शीट साधारण २८ किलो भरते, तुमच्या कामाला एक पुरेल. पेटीचा आकार वाकवून घ्यायला लोखंडी कूलर बनवणाऱ्याकडे जा, त्यांच्याकडे बेंडिंग मशीन असतं. फक्त पत्रा तुमचा द्या. ते जीआय (जस्त चढवलेला पत्रा) वापरतात, आणि जीआय वेल्ड केला की जस्ताचा पांढरा धूर निघतो. त्याने रात्री हुडहुडी भरून ताप येतो, शिवाय वेल्डही पोकळ होतो.

वेल्ड सलग ओढू नका. एक टॅक, मग हातभर अंतरावर दुसरा, असं फिरत राहा. टॅकमधलं अंतर २५ मिमीवर आलं की मधल्या जागा भरायच्या, दर वेळी हात लावून पत्रा निवालाय ना ते बघत. पाणी ओतून गार करू नका. जिथे पत्र्यावर पत्रा बसतो तिथे वरच्याला ६ ते ८ मिमीची भोकं पाडून प्लग वेल्ड करा (म्हणजे भोक भरून खालच्या पत्र्याला जोडा) आणि मधल्या चढाला झिंक प्रायमर लावूनच बंद करा.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. बॅटरीची वायर काढा, पेट्रोलची टाकी पूर्ण उतरवून शेडबाहेर ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते. गाडीतलं डांबरी आवरण, फोम, मॅट सगळं काढा. हाताशी वाळूची बादली आणि फायर एक्स्टिंग्विशर असू द्या.

अमळनेरकर

वरचं सगळं बरोबर. मी गंज आणि लांबीपुरतं लिहितो.

आधी चुंबक घ्या आणि अख्ख्या गाडीवर फिरवा. जिथे पकड ढिली लागेल तिथे लांबी जाड आहे. जुनी फुगलेली लांबी तासत बसू नका, लोखंड दिसेपर्यंत काढा. फुगली याचा अर्थ खालून पाणी गेलंय. रंगासाठी पेंट रिमूव्हर वापरा, हातात जाड रबरी मोजे आणि डोळ्यांना चष्मा. काम उघड्यावर, सावलीत. उन्हात रिमूव्हर पाच मिनिटांत वाळतो आणि रंग तसाच राहतो. बोनेट, टप, दारं अशा सपाट पत्र्यांवर सँड ब्लास्टिंग करू देऊ नका, पत्रा लाटांसारखा होतो आणि परत सरळ होत नाही.

रस्ट कन्व्हर्टर खड्डे पडलेल्या पण घट्ट पत्र्यावर चालतो. सडलेल्या पत्र्यावर त्याचा उपयोग नाही, नुसता काळा पापुद्रा तयार होतो. बहुतेक कन्व्हर्टर फॉस्फोरिक आम्लाचे असतात. वापरल्यावर डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुवा, हेअर ड्रायरने किंवा उन्हात पूर्ण सुकवा, आणि लगेच दोन हात (थर) इपॉक्सी प्रायमर. आम्ल राहिलं तर इपॉक्सी धरत नाही, काही महिन्यांत चादरीसारखी सुटते. गाडीला साधारण २ लिटर इपॉक्सी लागेल.

पोचे लांबीने भरायचे नाहीत. आधी हातोडी आणि डॉलीने (मागून धरायचा लोखंडी ठोकळा) पत्रा मूळ उंचीच्या २ मिमीच्या आत आणा. पत्रा दाबला की टणकन आत-बाहेर होत असेल तर तो ताणला गेलाय. तिथे नाण्याएवढा ठिपका तापवून, ओल्या फडक्याने दाबून तो आकसवावा लागतो. लांबी पॉलिएस्टरचीच, इपॉक्सी १२० नंबरच्या पेपरने खरवडून त्यावर. कुठेही ३ मिमीपेक्षा जाड नको.

हार्डनरचं प्रमाण डब्यावर साधारण २ टक्के असतं, म्हणजे १०० ग्रॅमला २ ग्रॅम. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ वर असताना तेवढं टाकलं तर पट्टी फिरवेपर्यंत लांबी दगड होते. १ ते दीड टक्का टाका आणि लिंबाएवढाच गोळा कालवा. उलट, लवकर वाळावी म्हणून जास्त हार्डनर टाकाल तर पांढऱ्या रंगातून पिवळट डाग वर येतील. तुमचा रंग पांढराच आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

लांबी पाण्याने घासू नका, ती पाणी पिते. आधी ८०, मग १२०, मग १८० नंबर, कोरडाच, आणि नेहमी लाकडी ठोकळ्यावर. नुसत्या बोटांनी घासलं तर खळगे पडतात, ते चमकदार रंग बसल्यावरच दिसतात.

तापीकाठ, रावेर

खूप आभार, दोघांचे. सीओटू मशीन भाड्याने बघतो. दोन शंका. डिकीच्या तळाची भोकं तरी फायबरने बुजवली तर? आणि मे अखेरपर्यंत रंग शक्य नाही असं दिसतंय, मग पावसाळ्यात गाडी कशी ठेवू? रंग एनसी की पीयू (पॉलियुरेथेन, हार्डनर घालून मारायचा)?

पत्राकाम, धुळे

डिकीतही पत्राच लावा. फायबर गंजक्या कडेला चिकटतं, कड सडत जाते, आणि पावसाळ्यानंतर त्याच्याभोवती नवी भोकं दिसतात. मशीन घरात असताना चार ठिगळं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम.

चाळीसगाव स्प्रे

भाऊ, कामाची वाटणी मोसमाप्रमाणे करा. एप्रिल-मे पत्रा आणि वेल्डिंग. मृगाआधी सगळा उघडा पत्रा इपॉक्सीखाली गेलाच पाहिजे. नुसता प्रायमर सरफेसर (रंगाआधी मारून घासायचा थर) मारून पावसाळ्यात ठेवू नका, तो सच्छिद्र असतो, दमट हवा पितो आणि खाली गंज पळतो. इपॉक्सी ओलावा अडवते. गाडी काळ्या मातीवर उभी करू नका, खालून वाफ येत राहते. फरशी किंवा फळ्या टाका, वरून प्लास्टिक गुंडाळू नका, सुती कापड घाला. पावसाने उघडीप दिली की लांबी आणि घासकाम. रंग दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी साडेदहा ते दुपारी तीनच्या दरम्यान. त्याआधी पत्र्यावर दव असतं आणि पत्रा १५ अंशांच्या खाली असला तर पीयू नीट वाळत नाही.

मेमध्ये रंग मारला तर काय होतं? थिनर गनपासून पत्र्यापर्यंत जाताना उडून जातो, थेंब अर्धवट वाळून बसतात आणि सगळीकडे ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग), हात फिरवला तर खरखर. त्यात वावटळीची धूळ. पावसाळ्यात एनसी मारला तर उलट, उडणाऱ्या थिनरने पत्रा गार होतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि रंग दुधाळ पडतो.

कॉम्प्रेसर: १ एचपीला एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाबाची) गन झेपत नाही, दोन हात मारले की दाब पडतो आणि थुंकायला लागते. एक तर ३ एचपीचा, मोठ्या टाकीचा भाड्याने आणा, नाहीतर कमी हवेवर चालणारी एलव्हीएलपी गन घ्या आणि दारं, बोनेट, डिकीचं झाकण सुटं करून एकेक मारा. पाण्याचा फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून लावू नका. गरम हवेतलं पाणी वाफच असतं, ते तिथे सापडत नाही. ६-७ मीटर पाइप फिरवून मग फिल्टर. टाकीचं पाणी रोज सोडा. सरफेसरला १.७ मिमी नोझल, रंगाला १.३ किंवा १.४. गनमध्ये हवा शिरते तिथे दाब २ बारच्या आसपास, अंतर वीतभर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा. दोन हातांमध्ये १०-१५ मिनिटं.

सरफेसर २ लिटर, ३ हात. त्यावर काळा रंग अगदी पातळ उडवा आणि ४०० नंबरने ठोकळ्यावर घासा. काळं जिथे राहील तिथे खळगा, जिथे आधी लोखंड दिसेल तिथे उंचवटा. मग ८०० वॉटर पेपर. रंग ३ लिटर धरा, दार-चौकटीच्या आतल्या बाजूंसकट.

तंबूसाठी पीव्हीसी पाइपचा सांगाडा करून वर पॉलिथिन. जमीन आदल्या रात्री ओली करा, साचलेलं पाणी नको. कूलर बंद, पाणी उडतं. शेडमध्ये सिलिकॉन, टायर पॉलिश, स्प्रे ऑइल काही काढू नका, रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

आता एनसी की पीयू. पीयू टिकाऊ, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडतो आणि एकदा जडला की थोड्या वासानेही उठतो. वास येत नाही म्हणजे मास्क चालतोय असं समजू नका. बाहेरून हवा पुरवणारा मास्क, पूर्ण अंगाचा सूट आणि हातमोजे, एवढं जमत असेल तरच घरी पीयू. नाहीतर दारं-बोनेटसकट गाडी प्रायमरपर्यंत घरी करा आणि शेवटचा रंग बूथमध्ये मारून घ्या.

अमळनेरकर

मला इथे एनसीची बाजू मांडायची आहे. ज्याच्याकडे हवेचा मास्क नाही त्याने घरी एनसीच मारावा. थिनर त्यातही वाईट आहे, कार्बन मास्क लागतोच आणि ठिणगीपासून दूर. पण आयसोसायनेट नाही, धूळ बसली तर दुसऱ्या दिवशी घासून परत मारता येतं. जास्त पातळ हात, शेवटी १५०० आणि २००० ने घासून कंपाउंड. फक्त एक लक्षात ठेवा: जुना एनसी खाली राहिला आणि वरून पीयू मारला तर तो सुरकुततो. थिनरचं फडकं दोन मिनिटं ठेवून बघा, रंग फडक्याला लागला तर तो एनसी.

रंगानंतर दारांच्या खालच्या कडांमधली पाणी जायची भोकं काडीने मोकळी करा. पेट्यांच्या आत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं पातळ मेण) सोडा, भोकांतून ठिबकेपर्यंत. सांध्यांना पीयू सीम सीलर (सांधे बुजवायचा लेप) प्रायमरवर, रंगाच्या आधी. खालून डांबर थापू नका, एक चीर पडली की पाणी आत अडकतं.

आणि कापताना चेसिस नंबरच्या जागेला ग्राइंडर, लांबी, रंग काहीही लागू देऊ नका, फिटनेसला तोच बघतात. रंग पांढराच ठेवताय म्हणून आरसी बुकात बदल करावा लागणार नाही. वेगळा रंग मारला तर आरटीओत नोंद करावी लागते.