मदत हवी आहे : अपाचेचे स्थितीदर्शक पान बाहेरच्यांना दिसते

नमस्कार. आमच्या डेबियन (लिनक्स) सर्व्हरवरील अपाचे या वेब सर्व्हरचे ‘सर्व्हर-स्टेटस’ हे स्थितीदर्शक पान मूळ सेटिंगनुसार फक्त त्याच यंत्रावरून उघडायला हवे; परंतु त्याच यंत्रावर एन्जिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून (बाहेरच्या विनंत्या स्वतः घेऊन अपाचेकडे पाठवणारा) बसवल्यामुळे प्रत्येक विनंती १२७.०.०.१ वरून, म्हणजे त्याच यंत्रावरून (लोकलहोस्ट), आल्यासारखी भासते आणि ते पान कोणालाही दिसते. त्यात चालू विनंत्यांचे पत्ते (यूआरएल) असतात, म्हणजे पासवर्ड बदलण्याच्या लिंकमधील टोकनसुद्धा (ती लिंक वैध ठरवणारा गुप्त संकेत), आणि हीच गोष्ट मला सर्वाधिक अस्वस्थ करते. जुनी टोकन रद्द करून एन्जिनएक्सवर त्या पानाचा मार्ग मी तूर्त बंद केला आहे. ‘मॉड रिमोटआयपी’ हे अपाचेचे मॉड्यूल लावून ग्राहकाचा खरा आयपी पत्ता अपाचेपर्यंत पोहोचवणे पुरेसे ठरेल, की देखरेखीसाठी हे पान लोकलहोस्टवरील वेगळ्या पोर्टवर हलवणे अधिक सुरक्षित आहे? अशी रचना प्रत्यक्ष चालवणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.