मदत हवी आहे: कंबर आखडलेली, रक्तदाबाची गोळी चालू, अय्यंगार, अष्टांग की हॉट योग?

नवा_गडी:
वय ४६, दिवसभर खुर्चीतलं काम. गुडघे न वाकवता पुढे वाकलं की हात जेमतेम अर्ध्या नडगीपर्यंत पोचतात आणि कंबर दुखते. दुखणं पायात उतरत नाही. रक्तदाबाची रोज एक गोळी. जवळपास अय्यंगार, अष्टांग विन्यास, हॉट योग आणि पॉवर योग असे चार वर्ग आहेत, आणि चारही ठिकाणी 'नवशिक्यांनी जरूर यावं' असं सांगतात. आठवड्यातून तीन दिवस, एकेक तास जमेल. वजन घटवायचं नाही, कंबर मोकळी व्हावी एवढंच. निवड कशावरून करू?

संथगती:
तुमच्यासाठी अय्यंगार. ही पद्धत घडवणारे बी. के. एस. अय्यंगार आणि अष्टांग विन्यासाचे पट्टाभी जोइस दोघेही योगगुरू कृष्णमाचार्यांचेच शिष्य, त्यामुळे आसनांची नावं बरीचशी तीच. फरक वेगाचा आणि आधाराचा.

तुमची अडचण कमरेत दिसते, पण मूळ बहुधा मांडीच्या मागच्या स्नायूंत आहे. हे स्नायू बैठकीच्या हाडाला जोडलेले असतात. ते आखूड असले की वाकताना ओटीपोटाचा सांगाडा पुढे कलत नाही, मग उरलेलं वाकणं कमरेचे मणके करतात आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर ताण येतो. अशा शरीराने पश्चिमोत्तानासनात (पाय लांब करून बसून पुढे वाकणं) पायाचे अंगठे गाठायचा हट्ट धरला तर पाठीचं धनुष्य होतं, मांड्या तशाच राहतात.

अय्यंगार वर्गात याला उत्तर आहे. ८-१० सेंटीमीटर उंचीच्या घडी केलेल्या ब्लँकेटवर बसवतात, तळव्याला पट्टा लावतात, पाठ सरळ ठेवायला सांगतात. कमी वाकता, पण योग्य जागेतून वाकता. मात्र अय्यंगार म्हणजे आरामाचा योग हा गैरसमज घेऊन जाऊ नका. त्रिकोणासनात एक मिनिट नीट उभं राहून बघा!

विन्यासी:
अष्टांगाची बाजू मांडतो, तरी तुम्हाला आत्ता तो सुचवणार नाही. पहिल्या मालिकेत सूर्यनमस्कार आणि उभी आसनं झाली की बैठी आसनं येतात, आणि त्यांत पुढे वाकणंच जास्त. प्रत्येक स्थिती साधारण पाच श्वास. पूर्ण मालिकेला दीड तास लागतो आणि परंपरेने आठवड्यातून सहा दिवस करतात. तुमच्या तीन तासांत हे बसत नाही.

पुढेमागे जायचंच झालं तर म्हैसूर पद्धतीचा वर्ग शोधा. तिथे जो तो आपल्या गतीने करतो आणि शिक्षक पुढचं आसन एकेक करून देतात. सगळ्यांना एकत्र मोजत नेणाऱ्या वर्गात नवशिका चतुरंगात (कोपरं वाकवून, हातांवर शरीर जमिनीला समांतर धरणं) खांदे कोपरांच्या खाली सोडतो. तेच दर विन्यासात, म्हणजे आसनांमधल्या जोड-हालचालीत, झालं की खांद्याचा पुढचा भाग धरतो. गुडघे टेकवून केलेलं चतुरंग चालतं, त्यात कमीपणा नाही.

नवा_गडी:
आणि हॉट योग? उष्णतेने स्नायू सैल होतात म्हणे.

संथगती:
सैल *वाटतात*. हॉट योगाच्या बिक्रम पद्धतीत सुमारे ४० अंश सेल्सिअसच्या खोलीत दीड तास, दोन श्वसनक्रिया धरून २६ प्रकारांचा क्रम असतो. त्या उबेत ताणाची सूचना उशिरा मिळते आणि बैठकीच्या हाडापाशी स्नायूबंध (स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) दुखावू शकतो. शिवाय गोळी लघवी वाढवणारी असेल तर घामाने पाणी आणखी घटतं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आडवाटेने:
पॉवर योगाबद्दल एवढंच, की त्याचा ठरलेला क्रम नाही. शिक्षक बदलला की वर्ग बदलतो, म्हणून नावावरून काही कळत नाही.

वर कोणी लिहिलं नाही म्हणून: रक्तदाब असेल तर कुंभक (श्वास रोखणं), भस्त्रिका (जोरजोरात श्वासोच्छ्वास), जोरकस कपालभाती, शीर्षासन टाळा. पुढे वाकून वर येताना डोकं सर्वांत शेवटी उचला. चाचणीच्या तासाला गेलात की बघा, शिक्षक आजार आधी विचारतात का. पश्चिमोत्तानासनात पाठीवर दाब देऊन खाली ढकलणारे असतील तर वर्ग कुठलाही असो, परत जाऊ नका.

नवा_गडी:
आभार. अय्यंगारचा चाचणीचा तास घेतो. तोवर घरी रोज १२ सूर्यनमस्कार घातले तर?

विन्यासी:
एका नमस्कारात हस्तपादासन दोनदा येतं, म्हणजे १२ नमस्कारांत २४ वेळा तेच दुखरं वाकणं. त्याऐवजी सुप्त पादांगुष्ठासन करा. पाठीवर झोपा, एका पायाच्या तळव्याला पट्टा किंवा ओढणी लावून तो वर उचला, दुसऱ्या पायाची टाच भिंतीला टेकवा. कंबर जमिनीवरून फार उचलली जात असेल तर खालचा गुडघा वाकवा. ४५ ते ६० सेकंद, दोन्ही बाजूंनी दोनदा. ताण मांडीच्या मागच्या बाजूला, मध्यभागी जाणवला पाहिजे. गुडघ्याच्या मागे किंवा बैठकीच्या हाडापाशी जाणवला तर पाय थोडा खाली आणा. पायात मुंग्या आल्या किंवा कळ गुडघ्याखाली उतरली तर थांबा आणि आधी डॉक्टरांकडे जा.