सुई टोचली आहे, गोळीचं नाव सांगा. अर्जंट!

केजकर_८७: बायको खासगी दवाखान्यात सिस्टर आहे. सुई टोचली. मालक म्हणतात पेशंटचा रिपोर्ट येऊ द्या. एचआयव्ही होऊ नये म्हणून गोळ्या असतात ना? मेडिकलवाला चिठ्ठी मागतोय. नाव सांगा फक्त.

लॅबवाली_ताई: दादा, आधी कधी टोचली ते सांगा. कसली सुई?

केजकर_८७: काल रात्री 9 ला, सलाईन काढताना. रक्त होतं सुईवर. आता दुपारचे 2 वाजलेत.

जुना_कंपाउंडर: जागा पिळून रक्त काढा, वरून स्पिरिट ओता. मी आयुष्यभर तेच केलं, काही झालं नाही.

लॅबवाली_ताई: काका, पिळायचं नसतं आन् स्पिरिटही नको. साबण-पाण्यानं धुवायचं, बस्स. दादा, 17 तास गेलेत. पहिला डोस खरं तर 2 तासांत हवा, 72 तासांनंतर उपयोग नाही. रिपोर्टची वाट बघू नका. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात जा, ओपीडी बंद असली तर थेट अपघात विभागात. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्यूटेग्रॅविर एकाच गोळीत असतात. रोज एक, 28 दिवस. पण मेडिकलवरून परस्पर घेऊ नका, आधी रक्त तपासतात. अडलं तर 1097 ला, म्हणजे एड्स हेल्पलाइनला फोन लावा.

पुणेकर_परभणीचा: आता 6 महिन्यांतून एकदा घ्यायचं लेनाकॅपाविर इंजेक्शन आलंय. जुलै 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली. गोळ्या कशाला?

लॅबवाली_ताई: ते संबंध यायच्या आधी घ्यायचं. इथं सुई टोचून झालीय.

नांदेडची_सिस्टर: मालकांना सांगा, 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं कर्मचाऱ्याला ही औषधं द्यायची जबाबदारी दवाखान्याची आहे. आम्हा कंत्राटी पोरींना हे कुणी सांगतच नाही. पगार तीन-तीन महिने नाही, ग्लोव्हज मोजून...

केजकर_८७: निघालोय. लेकरू 8 महिन्यांचं आहे, अंगावर पितंय. चालतं का?

लॅबवाली_ताई: हे आधी सांगायचं ना! डॉक्टरांना नक्की सांगा, पण त्यापायी डोस टाळू नका. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर ही गोळी त्यांच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनी.

जुना_कंपाउंडर: आमच्या वेळी एवढं काही नव्हतं.

नांदेडची_सिस्टर: म्हणूनच किती जणी भीतीनं नोकरी सोडून गेल्या, काका.

केजकर_८७: 4:20 ला पहिली गोळी दिली. रक्त घेतलं. 6 आठवड्यांनी परत बोलावलंय. रडत होती, आता जरा शांत आहे.

लॅबवाली_ताई: बरं झालं. शेवटची तपासणी होईस्तोवर निरोध वापरा. आन् हेपॅटायटिस बीची लस घेतलीय का तिनं? ती कावीळही अशा सुईतून लागते. विचारलं का कुणी?