पिट्सबर्गची फ्रीडम हाउस: सेवा ठेवली, माणसं का टाकली?

सांजवेळ

मी २२ वर्षं कॅज्युअल्टीत सिस्टर आहे. रस्त्यात कुणी कोसळलं तर रुग्णवाहिकेत येणाऱ्या माणसाला काहीतरी येत असेल, हे आज आपण धरूनच चालतो. ६० वर्षांपूर्वी अमेरिकेतही तसं नव्हतं. तिथल्या जवळपास निम्म्या रुग्णवाहिका अंत्यविधीचा व्यवसाय करणारे लोक चालवत, कारण आडवं माणूस मावेल अशी लांब गाडी त्यांच्याचकडे असायची. पिट्सबर्ग शहरात हे काम पोलिसांकडे होतं. कैदी न्यायची गाडी यायची, दोन पोलिस रुग्णाला उचलून मागे ठेवायचे आणि दोघंही पुढे जाऊन बसायचे. मागे रुग्ण एकटा. जीभ मागे पडून श्वास अडकला तर बघायला कुणी नाही.

४ नोव्हेंबर १९६६ ला त्या शहराचे माजी महापौर आणि राज्याचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स प्रचारसभेत कोसळले. त्यांनाही पोलिसांच्याच गाडीतून नेलं. हृदय पुन्हा चालू झालं, पण मेंदू गेलेला होता. १७ दिवसांनी ते वारले. त्यांच्यावर उपचार करणारे भूलतज्ज्ञ म्हणजे पीटर साफर, तोंडाने श्वास देण्याची पद्धत शास्त्रीय प्रयोगांनी सिद्ध करणारे.

पुढच्याच वर्षी साफर, मॉरिस फॉक मेडिकल फंडाचे फिल हॅलन आणि हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीतले जेम्स मॅककॉय एकत्र आले आणि शिकलेल्या माणसांची रुग्णवाहिका सेवा काढायचं ठरलं. मॅककॉय फ्रीडम हाउस ही संस्था चालवत, वस्तीतल्या बेकार तरुणांना काम मिळवून देणारी. पहिल्या तुकडीत २५ च्या आसपास माणसं घेतली. कुणी व्हिएतनामहून परतलेलं, कुणी शाळा अर्धवट सोडलेलं, कुणाच्या नावावर जुना गुन्हा. त्यांना सुमारे ३०० तासांचं शिक्षण मिळालं: शरीररचना, सीपीआर (छाती दाबून आणि श्वास देऊन जीव धरून ठेवणं), प्रथमोपचार, गाडी सुरक्षित चालवणं. १९६८ मध्ये गाड्या रस्त्यावर आल्या. पहिल्या वर्षी सुमारे ५८०० कॉल, ४६०० हून जास्त रुग्ण हॉस्पिटलात पोचवले. त्या वर्षात २०० जीव वाचले, असा साफर यांचा हिशोब होता.

१९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा काढली आणि १५ ऑक्टोबरला फ्रीडम हाउस बंद झाली. माणसांना शहराच्या नोकरीत घेऊ असं ठरलं होतं. मग परीक्षा आल्या, जुने गुन्हे उकरले गेले, वर्षानुवर्षं काम केलेल्यांना नवख्या गोऱ्या कर्मचाऱ्यांच्या हाताखाली बॅगा उचलायला लावलं. शेवटी मोजकेच टिकले.

माझं म्हणणं सरळ आहे. शहराने त्यांचं काम घेतलं आणि माणसं गाळली, आणि गाळायला चाळणी वापरली ती परीक्षेची. तुम्हाला काय वाटतं?

आडवाट

सांजवेळताई, विषय चांगला मांडलात, पण निष्कर्ष पटला नाही. मी नगरपालिकेत ३१ वर्षं काढली आहेत. एका वस्तीतल्या संस्थेने देणग्या आणि अनुदानावर चालवलेली सेवा अख्ख्या शहराला पुरी पडत नाही. फ्रीडम हाउसचा करार हिल डिस्ट्रिक्ट आणि लगतच्या भागापुरता होता. बाकीच्या शहरात तेव्हाही पोलिसांचीच गाडी येत होती. त्या भागातल्या माणसाने काय करायचं? कधी ना कधी महापालिकेला ते हातात घ्यावंच लागणार होतं, आणि सरकारी पद म्हटलं की पात्रता आली, परीक्षा आली, चारित्र्य पडताळणी आली. यात प्रत्येक ठिकाणी वर्णद्वेष शोधायचा का? ओळखीवर भरती केली असती तर आज आपण त्यालाच वशिला म्हटलं असतं.

कृष्णाकाठ

मला वेगळाच मुद्दा खटकतो. हल्ली फ्रीडम हाउसला 'जगातले पहिले पॅरामेडिक', म्हणजे रुग्णवाहिकेतच उपचार करणारे प्रशिक्षित कर्मचारी, म्हटलं जातं. ते तपासून बोलावं. बेलफास्टमध्ये फ्रँक पँट्रिज यांनी १९६६ मध्येच मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारा डिफिब्रिलेटर (विजेचा झटका देऊन हृदय ताळ्यावर आणणारं यंत्र) रुग्णवाहिकेत बसवला होता. मायामीत युजीन नेगल अग्निशमन दलाच्या जवानांना शिकवत होते. लॉस एंजेलिसमध्ये १९६९ ला, सिअ‍ॅटलमध्ये १९७० ला अशा सेवा उभ्या राहिल्या. एकाच वेळी चार-पाच ठिकाणी तीच कल्पना रुजत होती.

शिवाय डॉक्टरांना बाजूला सारू नका. अभ्यासक्रम साफर यांचा. १९७४ मध्ये फ्रीडम हाउसच्या वैद्यकीय संचालक झालेल्या नॅन्सी कॅरोलाइन तेव्हा जेमतेम तिशीतल्या, स्वतः गाडीतून फिरायच्या, चुका दाखवायच्या, पुन्हा करून घ्यायच्या. पॅरामेडिकसाठी पहिलं मोठं पाठ्यपुस्तक त्यांनीच लिहिलं. हे दोघं नसते तर ती माणसं गाडीत बसून काय करणार होती?

सांजवेळ

कृष्णाकाठ, 'पहिले' हा शब्द मी वापरलेला नाही, आणि त्यासाठी भांडणारही नाही. पण तुम्ही दिलेल्या नावांमध्ये एक फरक आहे. पँट्रिज यांच्या गाडीत हॉस्पिटलचे डॉक्टर आणि सिस्टर असत. अमेरिकेतल्या बाकी तीन शहरांत अग्निशमन दलाचे लोक, म्हणजे आधीच सरकारी नोकरीत आणि गणवेशात असलेले, आणि भर मुख्यतः हृदयविकारावर. फ्रीडम हाउसची मुलं त्या दिवसापर्यंत बेकार होती. आणि ती गोळी लागलेला, दम्याने निळा पडलेला, हेरॉइनच्या अतिसेवनाने श्वास थांबलेला, अडलेली बाई, सगळेच रुग्ण हाताळत होती.

डॉक्टरांचं श्रेय मी नाकारत नाही. पण शिकवणं एक आणि चौथ्या मजल्यावरच्या अंधाऱ्या जिन्यात गुडघ्यावर बसून ते करणं दुसरं. कॅरोलाइनबाईंच्या पुस्तकात जे आलं ते कुणाच्या हातून घडताना बघून आलं? देशभराच्या पॅरामेडिकसाठी अभ्यासक्रम बनवायचं काम केंद्र सरकारने त्यांच्याकडे दिलं, तो प्रत्यक्षात वापरून पाहिला गेला तो याच माणसांवर.

पिट्सबर्गकर

मी इथे १९ वर्षं राहतोय, हिलवरून नेहमी जाणं होतं. आडवाट काका, तुम्ही 'एका वस्तीतली संस्था' म्हणालात म्हणून ती वस्ती सांगतो. १९५० च्या दशकात शहराने लोअर हिल पाडलं आणि तिथे सिव्हिक अरीना हे मोठं बंदिस्त क्रीडागृह उभं केलं. सुमारे ८००० माणसं उठवली गेली. दुकानं, चर्चं, जाझचे क्लब, सगळं गेलं. डाउनटाउन, म्हणजे शहराचा मध्यभाग, चालत जाण्याइतका जवळ, पण मधला दुवाच तुटला. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर हिल पेटली. अशा ठिकाणी लोक आजारी पडले तरी पोलिसांना फोन करायला कचरत. पोलिसांची गाडी म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट. बाकीच्या शहरात पोलिसांचीच गाडी येत होती हे खरं, पण तो नाइलाज नव्हता. फ्रीडम हाउसला वाढायचं होतं. महापौर पीट फ्लॅहर्टी यांच्या काळात पैसे अडकायचे. पोलिसांकडून कॉल मिळत नाही म्हणून ही माणसं पोलिसांचा रेडिओ ऐकून आधी जागेवर पोचायची. एवढी वर्षं हातपाय बांधून ठेवायचे आणि मग म्हणायचं की यांना सगळं शहर पेलवत नाही? हे मला पटत नाही.

आडवाट

पिट्सबर्गकर, लोअर हिलचं माहीत नव्हतं. वाचून वाईट वाटलं. पैसे अडवणं चूकच, ते मी मान्य करतो. अनुदानाची फाइल टेबलावर महिनोन्‌महिने पडते तेव्हा तिकडे कुणाच्या घरी पगार गेलेला नसतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. परीक्षा घेऊ नये असं म्हणता का? उद्या माझ्या वडिलांच्या घशात ट्यूब टाकणाऱ्या माणसाची परीक्षा झालेली असावी, असं मला वाटलं तर त्यात गैर काय?

सह्यकडा

मी १०८ वर डॉक्टर आहे, घाटातल्या तालुक्यात, म्हणून बोलतो. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली आणि आपल्याकडे गाडीत डॉक्टर असतो, बहुतेक माझ्यासारखा बीएएमएस. म्हणजे आपण फ्रीडम हाउसच्या वाटेने गेलोच नाही. डॉक्टर नसलेल्या माणसाला शिकवून तयार करता येतं, हे त्यांनी दाखवलं. आपण डॉक्टरच गाडीत बसवला.

आडवाट काका, परीक्षा हवीच. पण कसली? ट्यूब टाकताना काय होतं ते सांगतो. रुग्णाच्या डोक्याशी बसायचं, डाव्या हातात लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात बघायचं दिवा लावलेलं अवजार. दांडा मागे ओढायचा नाही, वर उचलायचा, नाहीतर दात तुटतात. तोंडात रक्त, उलटी. सक्शनच्या नळीने ते ओढून घ्यायचं, मग क्षणभर स्वरयंत्राची फट दिसते, त्या क्षणात ट्यूब आत गेली पाहिजे. मग अंबू बॅग, म्हणजे हाताने हवा भरायची पिशवी, दाबायची आणि दोन्ही बाजूंनी छाती उचलते का ते बघायचं, पोट फुगलं तर ट्यूब अन्ननलिकेत गेली. हे सगळं हलत्या गाडीत. वळण आलं की मी पायलटला, म्हणजे आमच्या ड्रायव्हरला, ओरडून सांगतो, गाडी लाव. तो मागे येऊन मान धरतो. गेल्या सात वर्षांत त्याने इतक्या वेळा धरली आहे की मी न सांगता त्याचे हात बरोबर जागी जातात. त्याला लेखी पेपर द्या, नापास होईल. हातात रुग्ण द्या, कळेल.

फ्रीडम हाउसच्या माणसांची ही हाताची परीक्षा रोज होत होती, आणि ती घेणारे साफर आणि कॅरोलाइन होते. त्यावर शहराने पुन्हा लेखी पेपर ठेवला. नवीन उमेदवाराला पेपर ठेवा, माझी काहीच हरकत नाही. सात वर्षं काम केलेल्याला तोच पेपर ठेवलात, तर तुम्हाला त्याचं काम पाहायचंच नव्हतं.

कृष्णाकाठ

डॉक्टर, तुमचा मुद्दा पोचला. तरी एक भीती सांगतो. पुढे प्रत्येक सेवा म्हणेल, आमची माणसं अनुभवी आहेत, पेपर नको. अनुभवाने चुकीची सवयही पक्की होते. कॅरोलाइन आल्या तेव्हा त्यांनाही बरंच पुन्हा शिकवावं लागलं होतं. कागदावरचं मोजमाप नसेल तर कोण बरोबर, कोण चूक हे ठरवायचं कुणी?

आणि 'पहिले' या शब्दावर मी अजून ठाम आहे. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांची बाजू मांडताना तारखा सैल सोडल्या, तर उद्या कुणी एक तारीख खोडेल आणि लोक अख्खी गोष्टच खोटी समजतील. मला ही गोष्ट टिकायला हवी आहे, म्हणून एवढं लावून धरतोय.

सांजवेळ

कृष्णाकाठ, तारखांबद्दल शंभर टक्के सहमत.

मोजमापाबद्दल नाही. कॅरोलाइनबाईंनी पुन्हा शिकवलं आणि ती माणसं शिकली.  मोजायचं असेल तर असं मोजता येतं. शहर ताबा घेणार हे कळल्यावर माझ्या माणसांना नोकरीत घ्या म्हणून भांडल्या त्याही बाईच. आणि जुन्या गुन्ह्यांचं काय? ते भरतीच्या दिवशीच सगळ्यांना माहीत होते. तशा माणसांना काम द्यायचं म्हणून तर फ्रीडम हाउस निघाली. त्याच गुन्ह्यावर बोट ठेवून, मधे जीव वाचवण्यात गेलेली वर्षं शून्य धरायची?

आमच्याकडे एक वॉर्डबॉय होते, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. रुग्ण दारातून आत येताना नुसता रंग बघून ते ऑक्सिजनचा सिलिंडर ओढत आणायचे, आम्ही सांगायच्या आधी. कंत्राट बदललं, नव्या कंत्राटात दहावी पास अशी अट आली. मामा आठवी. शेवटच्या दिवशी त्यांनी सिलिंडरची किल्ली माझ्या हातात दिली आणि ती कुठल्या खिळ्याला टांगायची ते दाखवलं. हा धागा लिहिताना मला सारखे तेच दिसत होते.

आडवाट

ताई, मामांचं वाचून थोडा वेळ थांबलो. आमच्याकडेही अशी अट आलेली. तिच्यावर माझीही सही होती.

तरी जॉन मून यांचं उदाहरण देतो. ते फ्रीडम हाउसमधूनच शहराच्या सेवेत गेले आणि पुढे सहायक प्रमुख होऊन २००९ मध्ये निवृत्त झाले. मिचेल ब्राउन तर ओहायोत कोलंबस शहराच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याचे प्रमुख झाले. दार पूर्ण बंद नव्हतं, एवढंच म्हणायचं आहे. सेवा शहराने घ्यायलाच हवी होती, हेही मी अजून म्हणतो. पण सात वर्षं काम केलेल्याला नवा उमेदवार धरायला नको होतं. सह्यकडा यांचं तेवढं मान्य.

पिट्सबर्गकर

काका, मून यांचीच गोष्ट पुढे सांगतो, त्यांनी स्वतः बऱ्याच मुलाखतींत सांगितलेली आहे. ते हॉस्पिटलात ऑर्डर्ली होते, म्हणजे आपल्या वॉर्डबॉयसारखं काम. एक दिवस दोन कृष्णवर्णीय माणसं गणवेशात रुग्ण घेऊन आत आली. आजूबाजूचे लोक त्यांचं ऐकत होते. मून यांनी त्या दिवशी ठरवलं की हेच काम करायचं.

शहराच्या सेवेत पद मिळाल्यावर त्यांनी कृष्णवर्णीय तरुणांना भरतीत आणण्यासाठी खटपट केली. १९६८ मध्ये ज्या शहरात शिकून हे काम करणारे बहुतेक कृष्णवर्णीयच होते, तिथे ही खटपट नव्याने करावी लागली. दार बंद नव्हतं म्हणता ना काका, मून यांना ते पुढे अनेक वर्षं हाताने धरून ठेवावं लागलं.