कमरेच्या पट्ट्याला कोणता चाकू? माझं मत स्वीडनच्या 'मोरा'ला

चोरलचा भटक्या
गेली सहा वर्षं इंदूरच्या आसपास भटकतोय: चोरल, जानापाव, पातालपाणी. चार चाकू वापरून झाले आणि आता एकावर ठाम आहे. स्वीडनच्या मोरा गावचा 'कंपेनियन', स्टेनलेस. पातं साधारण १०.४ सेंटिमीटर लांब, २.५ मिलिमीटर जाड. घडीचा नाही, सरळ म्यानात जातो. घडीच्या चाकूच्या सांध्यात चिखल आणि आंब्याचा रस बसतो, ओल्या हातानं उघडायला गेलं की अंगठा सरकतो.

जुलैत चोरलला भर पावसात चूल पेटवायची होती. काटक्या सगळ्या भिजलेल्या. मनगटाएवढी वाळकी फांदी घेतली, वरची ओली साल काढली आणि आतलं कोरडं लाकूड पातळ-पातळ सोलत गेलो. सालपटं सुटू द्यायची नाहीत, टोकाशी चिकटलेलीच ठेवायची. त्यांचा कुरळा झुपका होतो. असे तीन झुपके, एक काडी, आणि चहा उकळला. हे बारीक पात्यानंच जमतं. जाड पातं लाकडात शिरत नाही, वरून घसरतं.

महूकर
अजिबात पटलं नाही. या चाकूचं पोलाद मुठीच्या शेवटपर्यंत जातच नाही, पाऊण वाटेत संपतं. फांदी चिरायला पात्याच्या पाठीवर दांडक्यानं ठोकायची वेळ आली तर काय कराल? माझ्या एका स्वस्त चाकूची मूठ अशीच हातात राहिली आणि पातं लाकडात.

त्यानंतर ट्रकच्या कमानीचं (चाकावरच्या स्प्रिंगचं) पान रस्त्याकडेच्या गाडोलिया, म्हणजे फिरत्या, लोहाराकडे नेलं. समोर बसून पाच इंचांचं पातं घडवून घेतलं. लाल झालेलं पातं त्यानं तेलात बुडवलं, घासून उजळ केलं, मग मंद आचेवर पिवळट-तपकिरी रंग चढेपर्यंत धरलं. एवढं कडक झालेलं पोलाद ठिसूळ राहू नये म्हणून. ५ मिलिमीटर जाड, मुठीच्या टोकापर्यंत सलग, वर शिसमाच्या दोन पट्ट्या. आमच्याकडचा माणूस आमच्याकडच्या कामासाठी घडवतो, त्याला सोडून स्वीडनला कशाला जायचं?

चोरलचा भटक्या
दादा, लोहाराच्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण कमानीच्या पोलादात क्रोमियम नावापुरतंच, म्हणून ते गंजतं. मोराच्या स्टेनलेसमध्ये ते साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. आपल्या पावसाळ्यात ओला चाकू चामड्याच्या म्यानात रात्रभर ठेवून बघा. माझ्या म्यानाला खाली भोक आहे, पाणी निथळून जातं. शिवाय मोराच्या धारेचा उतार रुंद आहे, दगडावर सपाट टेकतो, कोन शोधत बसावं लागत नाही.

महूकर
पातं पुसून तेलाचं बोट फिरवलं की गंज येत नाही. अर्ध्या मिनिटाचं काम.

रामबागची सुगरण
तुम्ही दोघंही लाकडावरच अडकलात. आम्ही बारा-पंधरा जण सहलीला जातो, बाफले करतो, म्हणजे उकडून निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे. त्याला गोवऱ्या लागतात, त्या घरूनच नेतो. फांदी चिरायची वेळच येत नाही. आणि आलीच तर गाडीत कोयता आहे, त्याचं काम त्यानंच करावं. चाकूला उरतं ते कांदा, टोमॅटो, लिंबू, दोरी, तेलाच्या पिशवीचा कोपरा. महूकर दादा, तुमच्या ५ मिलिमीटर पात्यानं कांदा चिरला जात नाही हो, फाकतो. आणि साध्या पोलादाला लिंबू लागलं की पातं काळं पडतं, काकडीला लोखंडाची चव येते. माझं मत बारीक पात्याला आणि स्टेनलेसला.

गाडीत ठेवणारा
निवडीइतकंच महत्त्वाचं: नेता कुठे? शस्त्र नियमांत परवान्याची रेषा ९ इंच लांबी किंवा २ इंच रुंदीपुढच्या पात्यांना आहे, घरकाम-शेतीची अवजारं वगळून. तुमचे दोन्ही चाकू त्या रेषेच्या आतच आहेत. पण इंदूरजवळचं रालामंडल अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात 'शस्त्र' शब्दाच्या व्याख्येत चाकूही येतो, आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. तिथे पट्ट्याला चाकू लावून फाटकाशी जाऊ नका. सणासुदीला, निवडणुकीत प्रशासनाचे वेगळे आदेश निघतात, तेही बघा. शहरात तो पिशवीत तळाशीच बरा.

महूकर
रालामंडलचं माहीत नव्हतं, मागच्या महिन्यातच पट्ट्याला लावून गेलो होतो. आता नाही नेणार. कांद्याचंही मान्य, घरी चिरून पाहिला, खरंच फाकला. पण पावसात, गाडी दूर असताना, कोयता हाताशी नसताना मला सलग पोलादच हवं. मुठीवरचा विश्वास एकदा गेला की परत येत नाही.

चोरलचा भटक्या
मग रविवारी चोरलला या, तुमचा घेऊन. फांदी एकच घेऊ, मनगटाएवढी. अर्धी तुम्ही ठोकून चिरा, अर्धी मी सोलतो. सुगरण ताई, तुम्ही कांदे आणा.